नोंदीत आजीचं बीपी 'नियंत्रणात', पण आजी घराबाहेर पडेना: गावातल्या बीपी ॲपच्या आत काय चालतं?

२०२२ चा ऑगस्ट. सकाळचं स्टँड-अप सुरू होतं आणि मी कालच्या बगचं रडगाणं गात होते. तेवढ्यात अनोळखी नंबरवरून फोन. कट केला. परत आला. परत कट. तिसऱ्यांदा वाटलं कुरिअरवाला असेल, म्हणून उचलला.

"आजींच्या घरून ना? आरोग्य केंद्रातून सिस्टर बोलतेय. बीपीच्या गोळ्या न्यायची तारीख होऊन वीस दिवस झाले. आजी बऱ्या आहेत ना?"

आजी सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावी असते, काका-काकूंजवळ. वय चौऱ्याहत्तर, असं आम्ही धरून चालतो. मी पुण्यात. ती बीपीची गोळी घेते एवढंच मला माहीत होतं. कुठून घेते, कुठली घेते, काही पत्ता नाही. "हो सिस्टर, सांगते त्यांना," म्हणून फोन ठेवला आणि मग डोक्यात ट्यूब पेटली. अरे, हे तर माझंच काम! आमच्या कंपनीत मी दोन वर्षं हेच करत होते. पंधरा दिवस ॲप न उघडलेले युजर शोधायचे आणि त्यांना नोटिफिकेशन मारायचं. इथे नोटिफिकेशनच्या जागी एक सिस्टर होती, आणि युजर माझी आजी होती.

त्या शनिवारी गावी गेले. आजीची चौकशी हे एक कारण. दुसरं कारण, प्रामाणिकपणे सांगायचं तर, ही यादी कुठली सिस्टीम बनवते याची उत्सुकता.

आधी हा कार्यक्रम काय आहे ते बघू

बीपीचा त्रास असा की त्याचा त्रास होत नाही. वरचा आकडा १७० असला तरी माणूस शेतात जातो, जेवतो, झोपतो. पण वर्षानुवर्षं तसंच राहिलं की मग लकवा, हार्ट अटॅक, किडनी. गोळी स्वस्त आहे, सरकारी केंद्रात फुकट मिळते. अडचण एवढीच की काही दुखत नसताना रोज एक गोळी, तीही आयुष्यभर, घ्यायला माणसाला लावायचं कसं? म्हणजे एकदा शोधून काढणं सोपं, दर महिन्याला परत आणणं अवघड. आमच्या भाषेत सांगायचं तर साइन-अप भरपूर, रिटेन्शन शून्य.

हे सोडवायला भारतात इंडिया हायपरटेन्शन कंट्रोल इनिशिएटिव्ह, म्हणजे आयएचसीआय, सुरू झालं. केंद्राचं आरोग्य मंत्रालय, आयसीएमआर, राज्य सरकारं, जागतिक आरोग्य संघटना आणि रिझॉल्व्ह टू सेव्ह लाइव्ह्ज ही संस्था यात एकत्र आहेत. सुरुवात पाच राज्यांत झाली: पंजाब, केरळ, मध्य प्रदेश, तेलंगणा आणि आपला महाराष्ट्र. महाराष्ट्रातले पहिले चार जिल्हे भंडारा, सातारा, सिंधुदुर्ग आणि वर्धा. २०२२ मध्ये या कामाला संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कारही मिळाला. पुढे १७ मे २०२३ ला केंद्र सरकारने साडेसात कोटी बीपी आणि शुगरच्या रुग्णांना २०२५ पर्यंत ठरलेल्या पद्धतीच्या उपचारांखाली आणायचं लक्ष्य जाहीर केलं. तेव्हा हा काही कोपऱ्यातला प्रयोग नाही.

युक्ती साधी आहे. प्रत्येक डॉक्टरने आपापल्या मनाने औषध निवडायचं नाही, राज्यात एकच ठरलेला क्रम. पहिल्या पायरीवर बहुतेक ठिकाणी ॲम्लोडिपिन ५ मिलिग्रॅम. महिन्याने बीपी मोजायचं. १४०/९० च्या खाली आलं तर तेच चालू, नाही आलं तर पुढची पायरी: डोस वाढवा, किंवा टेल्मिसार्टन जोडा, त्याने नाही भागलं तर लघवी वाढवणारी तिसरी गोळी. राज्यागणिक क्रम थोडा बदलतो. कोड लिहिणाऱ्यांनी ओळखलंच असेल, ही सरळसरळ स्टेट मशीन आहे. औषधं मोजकी, म्हणून साठ्याचं गणित सोपं. एका वेळी तीस दिवसांच्या गोळ्या, शक्यतो घराजवळच्या उपकेंद्रात. आणि या सगळ्याची नोंद ठेवायला एक ॲप.

कार्डावरचे सात आकडे

आजीने ट्रंकेतून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं कार्ड काढलं. त्याला बीपी पासपोर्ट म्हणतात. त्यावर क्यूआर कोड आणि खाली सात आकडे. ॲपचं नाव सिम्पल. ते ओपन सोर्स आहे, सगळा कोड गिटहबवर पडलाय. भारताबाहेर बांगलादेश आणि इथिओपियातही ते वापरलं जातं. रात्री आजी झोपल्यावर मी लॅपटॉप उघडून तो कोड वाचत बसले. (काकूला वाटलं ऑफिसचं काम करतेय. मी नाही म्हटलं नाही.)

त्या क्यूआरमध्ये आजीचं नाव नाही, आजार नाही, पत्ता नाही. फक्त एक युयूआयडी आहे, म्हणजे छत्तीस अक्षरांची एक लांबलचक ओळख, जगात दुसरीकडे कुठे जुळायची शक्यता जवळजवळ शून्य. कार्ड बाजारात पडलं तरी उचलणाऱ्याला काही कळणार नाही. आणि ते सात आकडे? त्या युयूआयडीमधली इंग्रजी अक्षरं गाळायची आणि राहिलेल्या अंकांतले पहिले सात घ्यायचे, बस. क्यूआर फाटला, भिजला, तेलकट झाला तर सिस्टर ते सात आकडे टाइप करते. सात आकडे दोघांचे सारखे येऊ शकतात, पण एका केंद्राच्या यादीत तसं झालंच तर समोर दोन नावं दिसतात आणि माणूस समोर बसलेलाच असतो. मला हे फार आवडलं. आम्ही असल्या गोष्टीवर तीन मीटिंगा घेतल्या असत्या.

अजून एक बारीक गोष्ट. जन्मतारीख. आजीला विचारलं तर ती सांगते, "तुझ्या चुलत आज्याच्या लग्नात मी पाळण्यात हुते." आता हे कुठल्या रकान्यात भरायचं? सिम्पलमध्ये जन्मतारीख नसेल तर नुसतं वय टाकता येतं, आणि ते वय कुठल्या दिवशी नोंदवलं हेही त्यासोबत साठतं. त्यामुळे वय पुढच्या वर्षी आपोआप वाढतं. जन्मतारीख सक्तीची करून अर्ध्या महाराष्ट्राला १ जूनला जन्माला घालणाऱ्या फॉर्मपेक्षा हे कितीतरी बरं.

रेंज नसेल तेव्हा

आमच्या गावी मोबाइलची रेंज वडाच्या पारावर आणि शाळेच्या गच्चीवर. उपकेंद्र या दोन्हींपासून लांब. म्हणून ॲप ऑफलाइन चालावंच लागतं. 'नेट नसेल तरी थोडंफार चालतं' असं नाही, उलटं. आधी सगळं फोनमधल्या डेटाबेसमध्ये लिहायचं, काम तिथेच पूर्ण समजायचं, आणि नेट आलं की मागाहून सर्व्हरशी सिंक करायचं. युयूआयडीचा खरा फायदा इथे कळतो. नवीन रुग्णाला नंबर द्यायला सर्व्हरला विचारावं लागत नाही, फोन स्वतःच ओळख तयार करतो. समजा एकाच रुग्णाची माहिती दोन फोनवर बदलली, तर जी नोंद नंतरची ती टिकते.

बीपीची नोंद करायला तीनच गोष्टी लागतात. वरचा आकडा, खालचा आकडा, तारीख. सिस्टरच्या समोर रांग असते, म्हणून स्क्रीनवर जास्तीचं काहीही नाही. 'जास्तीचं काहीही नाही' हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे त्याच्याकडे परत यायचंय.

फोन कुणाला करायचा?

प्रत्येक भेटीच्या शेवटी पुढची तारीख ठरते, सहसा तीस दिवसांनी. तारीख उलटली की तो माणूस 'मुदत उलटलेले' अशा यादीत येतो. सिस्टर त्या यादीतून थेट फोन लावते आणि काय झालं ते नोंदवते: यायला तयार आहे, काही दिवसांनी परत फोन करायचाय, किंवा यादीतून काढा. काढायचं तर कारण द्यावं लागतं. गाव सोडलं, दुसऱ्या केंद्रात जातो, फोन लागत नाही, यायला नकार, वारले.

यात कसलंही एआय नाही. तारखेवर एक क्वेरी आणि मग माणसाने माणसाला केलेला फोन. आमच्या नोटिफिकेशनला किती लोक परत यायचे तो आकडा सांगायची सोय नाही, पण सिस्टरच्या एका फोनने मी दीडशे किलोमीटर आले.

आता माझा नंबर त्यात कसा? आजीकडे फोन नाही. काकांचा फोन शेतात लागत नाही. नोंदणीच्या दिवशी काकूने पाठ असलेला एक नंबर दिला, तो माझा. तुमच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या कार्डाशी कुणाचा नंबर जोडलाय हे एकदा बघा. मुंबईतल्या मुलाचा, बंद पडलेल्या सिमचा, नाहीतर शेजारच्या दुकानाचा निघेल. ही सगळी यंत्रणा त्या दहा आकड्यांवर उभी आहे.

आणि मग आजीचे पाय

आजीला विचारलं, "गोळ्या आणायला का गेली नाहीस?"

आधी म्हणाली पाऊस होता. मग म्हणाली, गोळ्या शिल्लक हायत. ट्रंकेत खरंच एक अख्खी न उघडलेली पाकिटं होती. शेवटी काकू भाकऱ्या थापायला आत गेली तेव्हा हळूच म्हणाली, "त्या गोळीनं पायाचं पार भोपळं झालं हुतं बघ. चप्पल जाईना पायात. अनवाणी कुठं जाऊ म्या देवळात? पोरी हसत्यात."

कार्डावरच्या नोंदी वाचल्या आणि तिच्याकडून महिने जुळवून घेतले. जानेवारीत बीपी १६८/९४, ॲम्लोडिपिन ५ सुरू. फेब्रुवारीत १५२/८८, डोस १० केला. एप्रिल-मेपर्यंत १३० च्या खाली. एकदम पाठ्यपुस्तकातलं उदाहरण. पण मेपासून पाय सुजायला लागले. ॲम्लोडिपिनचा हा अगदी माहितीतला दुष्परिणाम आहे आणि डोस जास्त असेल तर जास्त दिसतो. चप्पल बसेना, म्हणून संध्याकाळचं भजन बंद. भजन बंद म्हणजे तिच्या सहा मैत्रिणी बंद, देवळापर्यंतचं चालणं बंद. ती ओसरीवर बसून राहायला लागली. काकूला वाटलं, वय झालं. जूनअखेर तिने गोळ्या आणल्या, पण घेतल्या नाहीत. दोन आठवड्यांत सूज उतरली, चप्पल बसली, आजी परत भजनात. तिच्या दृष्टीने आजार बरा झाला होता.

आता हे सिस्टीमच्या डोळ्यांनी बघा. 'बीपी नियंत्रणात' हा आकडा असा काढतात: तीन महिन्यांपेक्षा आधी नोंदणी झालेले जेवढे रुग्ण उपचाराखाली आहेत, त्यांतल्या किती जणांचं गेल्या तीन महिन्यांतलं शेवटचं बीपी १४०/९० च्या खाली होतं. जे या तीन महिन्यांत आलेच नाहीत तेही भागाकारात खालच्या बाजूला राहतात, म्हणजे गैरहजेरी लपवून टक्केवारी फुगवता येत नाही. ही चांगली व्याख्या आहे. मी बनवलेल्या कित्येक डॅशबोर्डपेक्षा प्रामाणिक आहे.

पण आजीचं काय? मे-जूनमध्ये तिचं बीपी उत्तम, नोंदीत 'नियंत्रणात', आणि ती ओसरीवर एकटी. ऑगस्टमध्ये गोळी बंद, बीपी आत कुठे गेलंय कुणाला माहीत नाही, आणि ती भजनात खुशीत. नोंदीत? अजूनही 'नियंत्रणात', कारण शेवटचं मोजमाप जूनचं आणि तीन महिने अजून व्हायचे होते. दोन्ही वेळा आजी वेगळीच होती आणि आकडा तोच.

सोमवारी रजा टाकली आणि तिला घेऊन केंद्रात गेले. पाच मिनिटं शांत बसवून मोजलं. १७२/९६. डॉक्टरांनी विचारलं तशी ती म्हणाली पाऊस होता. मग मी पायाचं सांगितलं. डॉक्टर तरुण होते, माझ्याच वयाचे. म्हणाले, "आजी, हे आधी का नाही सांगितलं? याच्यावर उपाय आहे की."

आजी म्हणाली, "इचारलं कुठं कुणी?"

सिस्टरने मान खाली घातली, आणि मला तिचंच वाईट वाटलं. बाहेर तीस-चाळीस माणसं बसलेली आणि तिच्या स्क्रीनवर दोन आकडे आणि एक तारीख. कमी बटणं हवीत असं माझ्यासारख्याच कुणीतरी ठरवलं असणार, आणि बरोबरच ठरवलं असणार.

डॉक्टरांनी तिला उभं करून पुन्हा एकदा बीपी मोजलं. म्हाताऱ्या माणसांचं बीपी उठल्यावर एकदम पडतं का ते बघावं लागतं, वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला तर चक्कर येऊन पडायची भीती. तिचं तसं नव्हतं. ॲम्लोडिपिन परत ५ वर आणलं आणि टेल्मिसार्टन ४० जोडलं. पाच मिनिटांचं काम. (वाचणाऱ्यांनी यातून एवढंच घ्यावं की त्रास झाला तर केंद्रात सांगा. गोळी आपल्या मनाने बदलू किंवा बंद करू नका, माझ्या लेखावरून तर अजिबात नको.)

मग सरकार चुकीचं मोजतंय का?

घरी येताना मी तणतणत होते की हे लोक चुकीचंच मोजतायत. काका गाडी चालवता चालवता म्हणाले, "आपल्या वरच्या आळीचा तात्या बघितलास का?" तात्यांना तीन वर्षांपूर्वी लकवा झाला. उजवा हात गेला, बोलणं गेलं. आयुष्याचा दर्जा म्हणाल तर एका सकाळीत संपला. बीपी नियंत्रणात ठेवणं म्हणजे ती सकाळ टाळणं. १४०/९० हा आकडा उद्याच्या आयुष्याचा पहारेकरी आहे. आजच्या आयुष्याबद्दल तो गप्प राहतो, एवढंच. दोन्ही मोजावं लागतं.

आणि आजचं आयुष्य मोजता येत नाही असंही नाही. जागतिक आरोग्य संघटनेची डब्ल्यूएचओक्वॉल-ब्रेफ नावाची प्रश्नावली आहे, २६ प्रश्न, चार भाग: शरीर, मन, नातीगोती आणि आजूबाजूची परिस्थिती. ती ज्या केंद्रांत मिळून तयार झाली त्यांत दिल्ली आणि चेन्नईही होती. पण रांगेत २६ प्रश्न कोण विचारणार?

त्याहून छोटी ईक्यू-५डी. पाचच प्रश्न: चालणं-फिरणं, स्वतःची अंघोळ-कपडे, रोजची कामं, दुखणं, आणि काळजी किंवा उदासी. प्रत्येकाला १ ते ५ अशी पातळी. म्हणजे माणसाची तब्येत पाच अंकांत मावते. ११११म्हणजे नव्हे, पाचही एकवाला १११११ म्हणजे सगळं ठणठणीत, ५५५५५ म्हणजे सगळंच वाईट. एकूण शक्यता पाचाचा पाचवा घात, ३,१२५. यातल्या कुठल्या अवस्थेला किती किंमत द्यायची याचं भारतीय लोकांना विचारून केलेलं कोष्टकही २०२२ मध्ये प्रसिद्ध झालंय. डेटाबेसच्या नजरेने बघितलं तर पाच अंकी एक कॉलम. मे महिन्यात आजीचा पहिला आणि तिसरा अंक नक्की वर गेला असता.

गंमत म्हणजे यातले काही प्रश्न आपल्याकडे आधीच विचारले जातात. आशाताई घरोघरी तीस वर्षांवरच्या सगळ्यांचा एक फॉर्म भरतात, त्याला सीबॅक म्हणतात. तंबाखू (मशेरीसुद्धा धरतात, आजीची तिथे पंचाईत झाली होती), दारू, कमरेचा घेर, हालचाल, घरात कुणाला बीपी-शुगर आहे का. गुण चारच्या वर गेले तर तपासणीला आधी बोलवायचं. त्याच फॉर्ममध्ये साठीच्या वरच्यांसाठी वेगळे प्रश्न आहेत. उभं राहताना किंवा चालताना तोल जातो का? हालचालीवर बंधन आणणारं अपंगत्व आहे का? खायला, कपडे घालायला, अंघोळीला दुसऱ्याची मदत लागते का? जवळच्यांची नावं किंवा स्वतःच्या घरचा पत्ता विसरता का? शिवाय मनाबद्दल दोन प्रश्न आहेत: कशात रस वाटेनासा झालाय का, आणि उदास वाटतं का.

म्हणजे प्रश्न आहेत, पण ते दुसऱ्या फॉर्मवर, दुसऱ्या वेळी, दुसऱ्या माणसाने विचारलेले. महिन्याच्या गोळीशी त्यांची गाठ पडत नाही. आमच्या धंद्यात याला दोन टेबलं आहेत पण जॉइन नाही असं म्हणतात. मे महिन्यात आजीला कुणी 'कशात रस वाटेनासा झालाय का' विचारलं असतं तर उत्तर भजन होतं, कारण पाय होते, आणि पायाचं कारण दर महिन्याला सिस्टरच्या हातातून जाणारी गोळी होती.

मी सिम्पलमध्ये पाच नवे रकाने टाका असं म्हणणार नाही. हिशोब करा: दिवसाला साठ रुग्ण, प्रत्येकी एक जास्तीचं मिनिट, की सिस्टरचा तास गेला. तो तास म्हणजे मुदत उलटलेल्यांना करायचे फोन. माझ्यासारख्या एखादीला तो फोनच आला नसता. मला वाटतं एकच प्रश्न पुरेल, तोही दर तीन महिन्यांनी: "आधी करायचात आणि आता सोडलं, असं काही आहे का?" हो किंवा नाही. हो असेल तर डॉक्टरकडे.

भजनातलं बीपी मशीन

अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात केट लॉरिग यांनी जुनाट आजारांच्या लोकांसाठी एक वर्ग तयार केला. सहा आठवडे, आठवड्यातून एकदा अडीच तास. शिकवणारे डॉक्टर नव्हेत, स्वतः असा आजार असलेली साधी माणसं, थोडं प्रशिक्षण घेतलेली. दर आठवड्याला प्रत्येकाने स्वतः एक छोटं काम ठरवायचं, म्हणजे 'मंगळवारी आणि शुक्रवारी कोपऱ्यापर्यंत चालून येईन' इतकं छोटं. मग ते जमेल याची खात्री शून्य ते दहात सांगायची. सातच्या खाली असेल तर काम अजून लहान करायचं. त्यांचा १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास ९०० हून जास्त लोकांवरचा होता. सहा महिन्यांनी वर्गातल्या लोकांचा थकवा आणि आजाराची चिंता कमी झाली, दवाखान्यात भरती व्हायचं प्रमाणही उतरलं.

हे वाचताना मला देऊळ आठवत होतं. आजीच्या सहा मैत्रिणींपैकी चौघी बीपीच्या गोळ्या घेतात. कुणाची कुठली गोळी, कुणाला कशाने खोकला येतो, सगळं एकमेकींना माहीत. आजीच्या पायाचंही तिथे माहीत होतं! फक्त ती माहिती देवळाच्या पायऱ्या उतरून तीनशे मीटरवरच्या उपकेंद्रात पोचत नव्हती.

मी आशाताईंना सहज म्हटलं की बीपी भजनातच मोजलं तर? त्या म्हणाल्या, मशीन आहे, पण मॅडमना विचारावं लागेल. उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकारी मॅडम तयार झाल्या, पण अट घातली की मोजायचं भजनाच्या आधी, नंतर नाही. बरोबर आहे. हे मशीन काही नाडी ऐकत नाही, दंडावरचा पट्टा हळूहळू सैल होताना हवेच्या दाबात जी बारीक थरथर होते त्यावरून आकडा काढतं. टाळ कुटून हात हलत असताना, बोलत असताना काहीही दाखवेल. शिवाय गाऊन उठलेल्या बाईचं बीपी थोडं वर असायचंच.

तेव्हापासून महिन्यातल्या एका गुरुवारी मॅडम देवळात येतात. पाच मिनिटं सगळ्या जणी गप्प बसतात, आणि हे गावात कुणालाच खरं वाटत नाही. दोन महिने पावसाने आणि एकदा मॅडमच्या बदलीने खंड पडला, नव्या मॅडमना परत सगळं सांगावं लागलं. शेवंती आजी अजूनही हात पुढे करत नाही. तिला मशीन आवळतं म्हणून राग येतो.

कार्डाला जोडलेला माझा नंबर आम्ही बदलून भजनातल्याच एका आजीच्या सुनेचा दिला. ती देवळासमोर राहते आणि तिचा फोन लागतो. त्यामुळे आता मला आरोग्य केंद्रातून फोन येत नाही. बातमी उलट्या बाजूने येते. परवा आजीनेच कुणाच्यातरी फोनवरून लावला होता. बीपी १३६/८२. पुढच्या वाक्यात म्हणाली, येताना चप्पल आण, मागची झिजली.